ताजी कोळंबी घरी साफ केली की लिबलिबीत होते आणि शिजवल्यावर रबरासारखी लागते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की सोललेली कोळंबी पाण्याच्या भांड्यात टाकत जाता आणि सगळी सोलून झाली की लिंबू-मीठ लावून तासभर मुरवता. घोटाळा तिथेच आहे. सोललेली कोळंबी पाण्यात पडून राहिली की पाणी धरते आणि तिची स्वतःची चव पाण्यात उतरते. मीही बरीच वर्षं असंच करायचे. धुवायची ती सोलण्याआधी, सालासकट, गार पाण्याखाली. सोलल्यावर एकदा झटकन खळबळून लगेच कोरड्या फडक्यावर टिपून घ्यायची.

आणल्या आणल्या डोकी काढा. तिची पाचक ग्रंथी डोक्यात असते. कोळंबी मेली की तिथला रस मांसात उतरतो आणि मानेजवळचा भाग गळायला लागतो. डोक्याच्या टोकाला करवतीसारखा काटा असतो, तेव्हा डोकं बाजूने धरून पिळा. मग पायांकडून अंगठा घालून साल उलगडा. एका वेळी मूठभरच घ्या, बाकीची फ्रिजमध्ये राहू द्या.

आता धागा. कोळंबी पाठ वर येईल अशी वाकवून धरा. डोक्याकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या पेराच्या मधोमध टूथपिक आडवी खुपसून हलकेच वर उचला. काळा धागा फासासारखा वर येतो. सावकाश ओढलात तर अख्खा निघतो, हिसका दिलात की तुटतो आणि मग पाठीवर उथळ चीर द्यावी लागते. हा धागा म्हणजे तिचं आतडं. पोटाकडे एक बारीक पांढरा धागा दिसतो, ती नस आहे, तिच्या नादी लागू नका.

लिंबाच्या आंबटपणाने मांस कच्चं असतानाच आवळतं, आचेवर आणखी आवळतं. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं पुरे. त्याऐवजी अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चोळून 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून बघा, छान करकरीत राहते. मात्र नंतर मीठ बेतानं घाला.

तव्यावर मध्यम आकाराची कोळंबी दोन-तीन मिनिटांत होते. मधलं मांस पांढरं, अपारदर्शक झालं आणि ती चंद्रकोरीसारखी वळली की लगेच उतरवा. गोल कडं झालं तर उशीर झाला.

आणि डोकी-सालं फेकू नका! थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळून रश्शात घाला.