पगाराआधी बजेटचा कोड विचार

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीतच उत्तर देते. खराडीतली नोकरी सोडून तुला लंडनच्या एका बँकेत जायचंय. तिथे ट्रेडर लोकांसाठी नवा ॲनालिटिक्स प्लॅटफॉर्म उभा राहतोय. बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार. आणि मंदी आली तर बँका आयटीवरचा खर्च आधी कापतात का, हा तुझा प्रश्न. मी 2007 मध्ये पुण्याहून इथे लंडनला आले आणि वर्षभरातच लेहमन ब्रदर्स ही मोठी अमेरिकन बँक बुडाली. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलंय.

खर्च थांबत नाही, तो कप्पे बदलतो. बँकेत सगळे सर्रास म्हणतात ते दोन शब्द आधी समजून घे. रोजचे व्यवहार चालू ठेवायचा खर्च म्हणजे ‘रन द बँक’, आणि नवीन काही उभारायचा खर्च म्हणजे ‘चेंज द बँक’. कात्री लागते ती दुसऱ्याला. पण त्यातही एक भाग असा असतो की त्याला कोणी हात लावू शकत नाही: नियामकाने तारीख देऊन सांगितलेलं काम.

15 सप्टेंबर 2008 चा तो सोमवार. तेव्हा मी कॅनरी वॉर्फमधल्या दुसऱ्या एका बँकेत, गुंतागुंतीच्या रोख्यांची किंमत काढणाऱ्या नव्या सिस्टीमवर होते. सगळ्यांचं लाडकं प्रोजेक्ट. चार-पाच आठवड्यांनी शुक्रवारी टाइमशीट भरायला बसले, तर यादीत आमच्या प्रोजेक्टचा कोडच नाही, म्हणजे ज्या बजेटवर आमचे तास मांडायचे तेच बंद. वर कितीदा स्क्रोल केलं, खाली केलं. ना ईमेल, ना मीटिंग. सोमवारी मॅनेजरने बोलावून सांगितलं की अर्धी टीम महिनाअखेरीस जाईल. ज्यांचे कोड गेले त्यांच्यात माझ्यापेक्षा हुशार लोक होते, हे मला आजही बोचतं.

मी वाचले, कारण शेजारच्या टीमला माणसं हवी होती. त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता: लेहमनकडून आपलं एकूण येणं किती? ऐकायला सोपं वाटतं. पण लेहमन ही एक कंपनी नव्हती. देशोदेशीच्या शेकडो कंपन्यांचा तो गोतावळा होता, आणि आमच्या पाच सिस्टीममध्ये त्यांची नावं पाच तऱ्हांनी लिहिलेली. कुठे ‘इंटरनॅशनल’ पूर्ण, कुठे तीन अक्षरांत, कुठे नुसता आकडी कोड. शनिवार-रविवार आम्ही एक्सेलमध्ये नावं जुळवत बसायचो.

हाच घोळ बहुतेक मोठ्या बँकांत होता आणि पुढची दहा वर्षं पैसा तिथेच ओतला गेला. प्रत्येक संस्थेला जगभर चालेल असा 20 अक्षरी ओळख-कोड, एलईआय, आला. जानेवारी 2013 मध्ये बाझल समितीने (देशोदेशीच्या बँक नियामकांची समिती) जोखमीचा डेटा कसा गोळा करायचा याची तत्त्वं काढली. क्लिअरिंगचंही, म्हणजे दोन पक्षांच्या मध्ये उभं राहून व्यवहार पुरा करून देण्याचंही, तसंच. लेहमनचे सुमारे 9 ट्रिलियन डॉलरचे व्याजदर स्वॅप (व्याजाच्या अदलाबदलीचे करार) लंडनच्या एलसीएच या क्लिअरिंग संस्थेने तीन-एक आठवड्यांत निस्तरले, ते पाहून 2009 मध्ये जी-20 ने ठरवलं की ठरावीक साच्याचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे स्वॅपसारखे करार, मध्यवर्ती क्लिअरिंगमधूनच जावेत. मग कायदे आले: अमेरिकेत 2010 मध्ये डॉड-फ्रँक, युरोपात 2012 मध्ये एमीर, 2018 मध्ये मिफिड-2. प्रत्येक कायद्यामागे रिपोर्टिंगची सिस्टीम, टेस्टिंग, डेटाची साफसफाई. माझं घर याच कामावर उभं राहिलं.

दुसरी गोष्ट तू पुण्याचा म्हणून मुद्दाम सांगते. संकटात बँका काम स्वस्त जागी हलवतात. लेहमनचं पवईचं सेंटर 2008 मध्येच नोमुरा या जपानी कंपनीने घेतलं. सिटीग्रुपने आपली भारतातली बीपीओ कंपनी त्याच वर्षी टीसीएसला सुमारे 50 कोटी डॉलरला विकली. म्हणजे कठीण काळात काम लंडनहून पवई-खराडीकडे वाहतं, आणि तू नेमका उलट्या दिशेने निघालायस. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण लंडनची खुर्ची महाग असते, तिथे बसून नेमकं काय करायचं जे पुण्यातून होत नाही, हे तुला स्वतःला ठाऊक हवं. ट्रेडरच्या शेजारी बसून त्याची अडचण समजून घेणं, नियामकाच्या प्रश्नांना उत्तरं देणं, असलं काम टिकतं.

प्रत्येक संकट सारखं नसतं, हेही खरं. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे ट्रेडर घरून काम करू लागले, उलाढाल प्रचंड वाढली आणि रिमोट ॲक्सेसवर बँकांनी हात आखडता घेतला नाही. 2023 मध्ये यूबीएसने क्रेडिट स्विस घेतली, तेव्हा दोन बँकांच्या सिस्टीम एकत्र करण्याचं अवाढव्य काम निघालं. ते काम भरपूर असतं, पण संपणारं असतं. दोन सिस्टीमची एक झाली की एका टीमचं काम उरत नाही.

आता तुझ्या ऑफरकडे येते. तू सांगतोस ते प्रोजेक्ट सरळ ‘चेंज द बँक’ दिसतंय, म्हणून मला काळजी वाटते. मुलाखत घेणाऱ्याला विचार: या टीमचा पैसा कुठल्या बजेटमधून येतो, किती वर्षांसाठी मंजूर आहे, आणि त्यात नियामकाचं काही काम आहे का? नीट मॅनेजरला या प्रश्नाचा राग येत नाही.

व्हिसा स्किल्ड वर्करचा आहे ना, बघ. कंपनीच्या अंतर्गत बदलीचा असेल तर तेवढ्यावर इथे कायमचं राहता येत नाही. नोकरी गेली तर व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्र येतं आणि त्यानंतर साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाला पाठबळ देणारी कंपनी, शोधावा लागतो. कायद्याने मिळणारी नोकरकपातीची भरपाई दोन वर्षं नोकरी झाल्याशिवाय मिळत नाही, म्हणून पहिली दोन वर्षं सर्वांत नाजूक. आरोग्य अधिभार (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम) 2024 पासून प्रौढाला वर्षाला 1,035 पौंड आणि मुलाला 776 आहे, तोही पूर्ण व्हिसाचा आगाऊ. पाच वर्षांचे तुम्हा तिघांचे 14,230 पौंड होतात. ते कंपनीकडून लेखी मागून घे. सहा महिन्यांचं भाडं आणि घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय बायकोला तिची नोकरी सोडायला सांगू नकोस. तू आधी ये, प्रोबेशन संपू दे, मग त्यांना आण. चार-सहा महिने मुलीशिवाय काढणं जड जातं, मला माहीत आहे. तरी माझं हेच मत आहे.

बजेटच्या प्रश्नाला मॅनेजर काय म्हणतो ते जसंच्या तसं मला लिहून पाठव. मी वाचून सांगते.