कवयित्री इंदिरा संत प्राध्यापक होत्या का, आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिलं का?

शिकवत होत्या, पण विद्यापीठातल्या मराठी विभागात नव्हे. बेळगावच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात त्या अध्यापिका होत्या, पुढे प्राचार्यही झाल्या. जन्म १९१४चा, विजापूरकडच्या इंडीचा. बालपण निपाणीजवळच्या तवंदीतलं. तवंदीचा घाट आपण महामार्गावरून भुर्रकन ओलांडतो, पण ते गाव त्यांच्या लेखनात खोल मुरलंय. शिक्षण कोल्हापूर आणि पुण्याला झालं.

१९४०मध्ये पती प्रा. ना. मा. संत यांच्यासोबत ‘सहवास’ हा एकत्र कवितासंग्रह आला. १९४६मध्ये संत गेले. मुलं लहान. नोकरी, घर आणि कविता तिन्ही त्यांनी बेळगावातच ओढली. १९५६ला शहर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. बाई तिथेच राहिल्या आणि मराठीतच लिहीत राहिल्या. १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘गर्भरेशीम’ला मिळाला.

जन्मापासून क्रमाने सांगणारं जाडजूड आत्मचरित्र शोधत असाल तर निराश व्हाल. आठवणी हव्यात तर ‘मृद्गंध’ घ्या. माझ्या मते त्यांचं गद्य उगाचच कवितेच्या सावलीत राहिलं. सहानुभूती मागायची सवय त्यात नाही, सीमाभागातल्या घरा-अंगणाचा तपशील मात्र भरपूर. बायकांच्या तोंडी असलेल्या ओव्यांचं ‘मालनगाथा’ हे संकलनही त्यांचंच. आजी-पणजीच्या ओव्या ऐकलेल्यांना ते आधी आवडेल.

आणि हो, लंपनच्या कथा लिहिणारे प्रकाश नारायण संत हे त्यांचेच चिरंजीव.