डोंगराळ गावांच्या विकास प्रकल्पात महिला आणि दलितांचा सहभाग खरोखर कसा वाढवायचा?

समितीत दोन बायकांची नावं घालून काही होत नाही. नेपाळमधली सामुदायिक वनं पाहा. १९९३ च्या कायद्याने जंगलाचा कारभार गावकऱ्यांच्या उपभोक्ता गटांकडे, म्हणजे ते जंगल वापरणाऱ्या घरांच्या गटांकडे, आला, पण बऱ्याच समित्या उच्चजातीय पुरुषांच्याच हातात राहिल्या. त्यांनी जंगल राखण्यासाठी तोडबंदी केली की सरपण-चाऱ्यासाठी बायकांची पायपीट वाढायची. कोळसा पाडायला बंदी आली की भात्यावर जगणारी दलित लोहार कुटुंबं, म्हणजे कामी, अडचणीत यायची. नियम सगळ्यांना सारखाच, झळ मात्र ठरावीक घरांना. म्हणून नियम करण्याआधी तो कोणाची चूल विझवेल, हे त्या घरी जाऊन विचारा.

नेपाळच्या सामुदायिक वनांसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत गटाच्या कार्यसमितीत निम्म्या महिला हव्यात आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक पद महिलेकडे हवं, असं ठरलं. पद महत्त्वाचंच, कारण सही तिथे होते. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांच्या भारत-नेपाळमधल्या अभ्यासातही समितीत महिला पाव ते एकतृतीयांश झाल्यावर त्यांचं बोलणं आणि प्रभाव स्पष्ट वाढलेला दिसला.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा. आणि गटाच्या उत्पन्नातला गरीब घरांचा वाटा आधीच लेखी ठरवून घ्या, नंतर तो मिळवणं फार कठीण जातं.