ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने तर्काला धरून काही सांगता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीतला मित्र विचारतो, "तुमचा येशू मेलेला उठला म्हणता, त्याला आधार काय?" आणि तुम्ही दरवेळी "तो श्रद्धेचा विषय आहे" म्हणून विषय बदलता. याहून बरं काही सांगता येतं का?

येतं. कुठवर येतं, ते मात्र आधी स्वतःशी नक्की करा.

मी शरणपूरच्या बाजूचा, चौथ्या पिढीतला ख्रिस्ती. नोकरी सातपूरला, इन्स्पेक्शनमध्ये. ड्रॉइंगवर लिहिलंय म्हणून पार्ट पास, असं आमच्या टेबलावर चालत नाही. हाच प्रश्न मला शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर विचारला गेला होता, तेव्हा मीही तुमच्यासारखाच कपात बघत बसलो होतो.

काय सांगायचं नाही, ते आधी. नवसाच्या गोष्टी नकोत. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला केवढी गर्दी लोटते, तुम्हाला ठाऊक आहे. मेणबत्ती लावणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. पण मित्र म्हणणार, "नवसाला आमची कालिकाही पावते." झालं, बोलणं संपलं. 'विज्ञानाने बायबल सिद्ध केलं' छापाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज तर पुढे पाठवूच नका. आणि त्याच्या देवांची टर उडवून आपली बाजू वर येत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या बायबलमधल्या पत्रात आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, पण लगेच पुढे 'सौम्यतेने' असंही आहे. आपली माणसं पहिला अर्धा भागच पाठ करतात.

आता मुद्द्याचं. येशूला वधस्तंभावर दिलं ते साधारण इसवी सन ३० च्या सुमारास. एवढं मानायला ख्रिस्ती असावं लागत नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती लोकांना नावं ठेवणारा, पण रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने ख्रिस्ताला मृत्युदंड झाला हे तोही लिहितो. खरा वाद त्यानंतरच्या रविवारचा, येशू मेलेल्यांतून उठला असं आपण म्हणतो त्या दिवसाचा. त्याबद्दलचा सर्वांत जुना लेखी मजकूर म्हणजे पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, नंतर येशूचा प्रचारक झाला. ते लिहिलं ५३ ते ५५ च्या दरम्यान, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांनी. येशू कोणाकोणाला दिसला ते पौल तिथे मोजून सांगतो, आणि पाचशेहून जास्त जणांबद्दल लिहितो की त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. त्याचा अर्थ, जा आणि विचारा.

वीस-पंचवीस वर्षं म्हणजे किती, ते नाशिककराला सोपं करून सांगतो. २००३ चा कुंभमेळा आठवा. २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. आज कोणी लिहिलं की असं काही घडलंच नाही, तर पंचवटीतली शंभर माणसं त्याला घरी बोलावून सांगतील. माझे मामा त्या दिवशी त्याच बाजूला होते. ते आजही चप्पल कुठे राहिली तिथपासून सुरुवात करतात. इतक्या जवळच्या काळात बिनबुडाची गोष्ट उभी करणं सोपं नसतं.

पुढे टपरीवर हे सांगितल्यावर माझा मित्र हसला. म्हणाला, "पण चेंगराचेंगरी सुरू कशी झाली, यावर तुझ्या मामांचं आणि माझ्या काकांचं अजून जमत नाही." अगदी बरोबर. शुभवर्तमानांतही, म्हणजे येशूची हकीकत सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांतही, तसंच आहे. कबरेकडे किती बाया गेल्या, तिथे देवदूत एक होता की दोन, यात मेळ बसत नाही. मी ते लपवत नाही. ठरवून रचलेल्या साक्षी शब्दाला शब्द जुळतात; या तशा जुळत नाहीत. पण कबर रिकामी सापडली आणि ती आधी बायकांना सापडली, यावर ती लिहिणारे चौघंही ठाम आहेत. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच असती, तर येशूच्या मागे आलेल्या मग्दालीया मरीयेला पहिली साक्षीदार कोणी केलं असतं? पेत्राला किंवा योहानाला, या पुरुष शिष्यांना, पुढे केलं असतं. उलट पेत्राने कोंबडा आरवायच्या आत 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं, हेही तसंच लिहून ठेवलंय.

इथवर तर्क चालतो. यावरून पुनरुत्थान सिद्ध होतं का? नाही. मित्र म्हणू शकतो की शोकात माणसांना भास होतात. मी म्हणतो, भासाने रिकामी कबर समजत नाही, आणि तेव्हा ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल शोकात नव्हताच. त्यावरही त्याच्याकडे उत्तर असेल. मला माझी बाजू जड वाटते. त्याला ती तशीच वाटली पाहिजे, असा हट्ट मी सोडला.

देव आहे तर दुःख का, या प्रश्नावर मात्र सांभाळून. एका सहकाऱ्याचा तरुण मुलगा गेला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला माणसाच्या स्वतंत्र इच्छेचा (देवाने माणसाला मोकळीक दिली, म्हणून जगात दुःखही आहे) पाठ केलेला मुद्दा सांगितला होता. तो काही बोलला नाही, उठून नळाकडे गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. मुद्दा आजही मला चुकीचा वाटत नाही. पण त्या जागी एकच वाक्य पुरलं असतं, वधस्तंभावरच्या येशूचंच: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

घरातल्या माणसाशी बोलताना तर आणखी धीर धरा. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक, त्यांच्याइतका वक्ता दुसरा कोण? त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. इथल्याच जलालपूरची ही लेक नवऱ्याच्या वादाने बदलली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा विचार स्वतःच करता करता तिचं सोवळं सुटलं.

मित्राला वाचायला काही द्यायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान द्या. सोळाच अध्याय, दोन तासांत होतात. माझ्या मित्राने ते एका रात्रपाळीत संपवलं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच संपतं: बाया घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. सकाळी गेटवर त्याने मला गाठलं आणि विचारलं, "बोलल्या नाहीत, तर मग तुम्हाला कळलं कसं?"

त्या दिवशी माझी बस चुकली.