ब्रेडी मोठा की त्याची टीम?

टॉम ब्रेडी हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा, बॉल फेकणारा खेळाडू. 2008 च्या पहिल्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला, तरी त्याच्या टीमनं, पेट्रियट्सनी, राखीव क्वार्टरबॅक मॅट कॅसलला घेऊन 11 मॅच जिंकल्या. म्हणजे खरी करामत टीमची आणि कोच बेलिचिकची, असं तुमचं म्हणणं. हा मुद्दा दर सीझनला कुणीतरी काढतंच. पण आदल्या वर्षी ब्रेडी असताना हीच टीम साखळीतल्या 16 पैकी 16 जिंकली होती. पाच मॅचचा फरक एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अमेरिकन लीगमध्ये, किरकोळ नसतो. कॅसलच्या वर्षी प्लेऑफही (साखळीनंतरची बाद फेरी) हुकला.

मी बॉस्टनकडचा, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. तरीही पहिल्या विजेतेपदाचं फार श्रेय मी त्याला देत नाही. फेब्रुवारी 2002 चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, समोर रॅम्स. ब्रेडीचे पासिंग यार्ड, म्हणजे त्याच्या पासवर टीम पुढे सरकली ते अंतर, फक्त 145. डिफेन्समधल्या टाय लॉनं रॅम्सचा पास मधेच पकडून (इंटरसेप्शन) थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपार, नेला, शेवटी किकर व्हिनाटिएरीनं 48 यार्डांवरून किक मारली आणि 20-17. एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) मात्र ब्रेडी! (शेवटच्या दीड मिनिटात, टाइमआउट संपलेले असताना, बॉल किकच्या टप्प्यात त्यानंच आणला, हे मान्य.)

आता फेब्रुवारी 2018 चा सुपर बोल. ईगल्सविरुद्ध ब्रेडीचे 505 यार्ड, तीन टचडाउन. पेट्रियट्सना एकदाही पंट (पुढे सरकता न आल्यानं बॉल लाथेनं समोरच्यांना देणं) करावा लागला नाही. तरी 41-33 नं हरले, कारण डिफेन्सला काही थोपवताच आलं नाही. नुसत्या अंगठ्या (सुपर बोल विजेत्यांना मिळतात त्या) मोजल्या तर 145 यार्ड जमेला लागतात आणि 505 वाया जातात.

मुळात त्याची गुणवत्ता एकट्यानं दाखवता येईल अशी नव्हतीच. 2000 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, 199 वा. पळणं तर सोसायटीच्या पिकनिकमधल्या काकांसारखं. स्नॅपआधी (बॉल खेळात येण्याआधी) समोरचा डिफेन्स वाचायचा, कोण अंगावर येणार नि कोण मोकळा सुटणार ते ताडायचं आणि बॉल झटकन हातावेगळा करायचा, हे त्याचं बळ. त्यासाठी त्याला राखणाऱ्या लाइननं तेवढा वेळ तग धरायला हवा, पास झेलणारा रिसीव्हर ठरल्या जागी वळायला हवा. पण हे साथीदारही त्याच्याबरोबर घडले. रिसीव्हर एडलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता, ड्राफ्टच्या सातव्या राउंडमध्ये आलेला. तोच पुढे सुपर बोलचा एमव्हीपी झाला, ब्रेडीबरोबर वर्षानुवर्षं खेळून.

सुरुवातीची तीन विजेतेपदं मी टीमच्या खात्यात जास्त टाकेन, नंतरची त्याच्या. टॅम्पा बे ही दुसरी टीम 2019 मध्ये 7-9 होती (7 जिंकल्या, 9 हरल्या). पुढच्या वर्षी ब्रेडी तिथे गेला आणि 43 व्या वर्षी चीफ्सना 31-9 नं हरवून सुपर बोल जिंकला. चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स, त्याला एकही टचडाउन करू न देणारा डिफेन्स टॅम्पाचाच, ते खरं; पण त्याच सीझनला बेलिचिकचे पेट्रियट्स 7-9 वर आले होते.