क्लबात सगळ्यात उंच, निवड चाचणीत सगळ्यात बुटका

कोल्हापूरहून एका आईचं सहा पानी पत्र आलं आहे. थोडक्यात असं : मुलगा सोळा वर्षांचा, दहावीला 86 टक्के, उंची 5 फूट 11 इंच. अकराव्या वर्षापासून घराजवळच्या क्लबात बास्केटबॉल खेळतो. जिल्हा संघात दोनदा आला, पण राज्याच्या निवड चाचणीत दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी बाहेर. क्लबचे सर म्हणतात, "आर्ट्स घ्या, सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर पाठवा, पोरगं नाव काढेल." वडील म्हणतात, "बास्केटबॉल खेळून कुणाचं पोट भरलंय?" आजोबांच्या मते या गावात खेळ दोनच, कुस्ती आणि फुटबॉल, तिसरा म्हणजे वेळ घालवणं. मध्येच दुसऱ्या शहरातली एक खासगी अकादमी उपटली आहे. वसतिगृहासह वर्षाला 2 लाख 80 हजार मागते आणि 'नॅशनल'ची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत खेळवण्याची, हमी देते. मुलाचा गुडघा अधूनमधून दुखतो. शेवटच्या पानावर ताई विचारतात, "सर, सायन्स की खेळ, एवढंच सांगा."

ताई, एवढंच सांगता येणार नाही. कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटच्या पानावर नाही, तिसऱ्या पानावर आहे. "आमचा बाळ क्लबात सगळ्यात उंच, म्हणून सर त्याला रिंगखाली उभा करतात." हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा करून आलो. गेल्या वीस वर्षांत असल्या वाक्यापाशी अडलेली किती पोरं पाहिली, मोजदाद नाही.

सोप्या भाषेत सांगतो. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर असते. स्थानिक क्लबात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांत जो हातभर उंच, त्याला सर रिंगखाली ठेवतात. या जागेला सेंटर म्हणतात. चेंडू वर टाकला की तो पकडतो, वळतो, रिंगमध्ये घालतो. संघ जिंकतो. सरांची चूक म्हणवत नाही, त्यांना रविवारचा सामना जिंकायचा असतो. पण राज्याच्या चाचणीत त्याच जागेसाठी साडेसहा फुटांच्या आसपासची मुलं येतात. तिथं 5 फूट 11 इंचांचा सेंटर म्हणजे उसाच्या फडात भुईमूग. सतनाम सिंग भामरा 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने निवडला, एनबीए या अमेरिकन लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पंजाबातल्या खेड्यातला हा गडी 7 फूट 2 इंच उंच. रिंगखालची जागा अशा देहांसाठी असते. तुमच्या चिरंजीवांची उंची अजून दोन-तीन इंच वाढेलही, पण तुम्ही 5 फूट 5 आणि त्याचे वडील 5 फूट 9 लिहिलंय, तेव्हा सात फुटांची आशा धरू नका.

मग काय, खेळ सोडायचा? मुळीच नाही. जागा बदलायची. या उंचीच्या मुलाला गार्ड व्हावं लागतं. आपल्या बाजूकडून चेंडू पुढे नेणारा, डाव्या हातानेही तितकाच सफाईने ड्रिबल करणारा (चेंडू आपटत नेणारा), 6.75 मीटरच्या, तीन गुणांच्या रेषेबाहेरून रिंगमध्ये टाकणारा आणि समोरचा बचाव कुठं उघडा पडलाय हे एका नजरेत पाहणारा. पाच वर्षं रिंगखाली उभ्या राहिलेल्या मुलाला यातलं काहीच सवयीचं नसतं. चाचणीत पहिल्या दिवशी बाहेर का पडला, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. "तिथं वशिला चालतो" असं त्याच्या मित्रांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. चालतही असेल कुठं, पण आपल्या हातात डावा हात आहे, वशिला नाही.

एक काम करा. पुढचे तीन सामने तुम्ही स्वतः बघायला जा आणि सोबत साधी शंभर पानी वही न्या. गुण लिहू नका, ते स्कोअरर लिहितोच. तुम्ही एवढंच मांडा : चाळीस मिनिटांतली किती मिनिटं तो मैदानात होता, मधली रेषा त्याने स्वतः ड्रिबल करत किती वेळा ओलांडली, डाव्या हाताने ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू) किती मारले, चेंडू हातात आल्यावर त्याची पाठ रिंगकडे होती की तोंड. तीन सामन्यांनंतर मधली रेषा ओलांडल्याचा आकडा पाचाच्या आत असेल, तर ती वही घेऊन सरांना भेटा. तक्रार म्हणून नको. "सर, पुढच्या मोसमात ह्याला गार्ड म्हणून खेळवाल का? सुरुवातीला सामने हरलात तरी आमचं काही म्हणणं नाही," असं विचारा. सर भला माणूस असेल तर तयार होईल. "आत्ता नको, स्पर्धा आहे," हे उत्तर तीनदा आलं, तर क्लब बदलायचा विचार करा. क्लब बदलणं म्हणजे गद्दारी नव्हे. मात्र ज्या सरांनी पाच वर्षं पोराला उभं केलं, त्यांना पेढे देऊन, सांगून जायचं.

तुमच्याकडे पावसाळ्यात सिमेंटचं उघडं कोर्ट तीन-तीन महिने ओलं असतं, हे मला ठाऊक आहे. पोरं म्हणतात, ऑफ सीझन. गार्डसाठी हाच खरा सीझन. इमारतीचं पार्किंग, दोन चेंडू, रोज चाळीस मिनिटं ड्रिबल, मान वर ठेवून. शेजारी कटकट करतील, त्यांना आधी सांगून ठेवा.

आता पोटाचा प्रश्न. मुलाच्या वडिलांना माझ्या वतीने सांगा, त्यांचा सवाल रास्त आहे. भारतात बास्केटबॉलवर पोट भरतं ते बहुतेक वेळा लीगमधून नाही, नोकरीतून. 2015 मध्ये यूबीए नावाची लीग सुरू झाली, तिच्यात 'पुणे पेशवे' आणि 'मुंबई चॅलेंजर्स' असे संघ होते. टीव्हीवर सामने दिसले, पोरं हरखली. 2017 नंतर ती बंद पडली. पुढंही लीग आल्या, येतील. आली तर खेळावी, पण तिच्या भरवशावर अकरावीची शाखा ठरवू नये. टिकाऊ पगार देतात ती रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, आयकर, बँका. देशाचा अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू विशेष भृगुवंशी ओएनजीसीकडून खेळत मोठा झाला. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, तीही रेल्वेची खेळाडू. छत्तीसगडमधल्या भिलाईत दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी साध्या घरांतल्या मुली घडवल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणी रेल्वेत लागल्या. स्थानिक मैदानावरून करिअर होतं ते असं.

तुमच्याच जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे आजोबांना सांगा. म्हणजे तिसराही खेळ असतो हे त्यांना पटेल. पण स्वतः त्यातला फरक विसरू नका. नेमबाजाचा गुण त्याच्या एकट्याच्या नावावर पडतो. बास्केटबॉलमध्ये बारा जणांच्या संघाला पदक मिळालं तर तुमच्या मुलाला मिळतं, आणि राज्याचा संघ आठवा आला तर त्याचा खेळ कितीही चांगला झालेला असो, कागदावर 'सहभाग' एवढाच शब्द उरतो.

आणि कागद फार मोठी गोष्ट आहे. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण बहुतेक पदांना नुसता सहभाग चालत नाही, अधिकृत स्पर्धेतलं पहिल्या तिघांतलं स्थान लागतं. पद जितकं वरचं, तितकी स्पर्धा वरची. शिवाय प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. रेल्वेच्या क्रीडा कोट्याला वय 18 ते 25, आणि जाहिरातीत अनेकदा खेळापुढे पोझिशनही लिहिलेली असते. त्यांना गार्ड हवा असेल तर गार्डच घेतात. म्हणजे फिरून आपण त्या तिसऱ्या पानावरच आलो.

माझं स्वतःचं सांगतो. मी तीन वर्षं राज्य स्पर्धा खेळलो. एका संघटनेने दिलेल्या प्रमाणपत्रावर माझ्या वडिलांच्या नावात एक काना जास्त पडला होता. "चालतंय रे," म्हणून मीही दुरुस्ती करून घेतली नाही. सात वर्षांनी नोकरीच्या टेबलावर तो काना आडवा आला. तोवर सही करणारे गृहस्थ वारले होते. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मी आधी फाइल दाखवायला सांगतो. तुम्हीही आजच बघा : नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आहे का, जन्मतारीख तीच आहे का, स्पर्धेचं वर्ष आणि ठिकाण छापलंय का, शिक्का आहे का. स्थानिक मंडळाच्या आणि क्लबच्या निमंत्रित स्पर्धांची प्रमाणपत्रं वेगळ्या पाकिटात ठेवा. ती भिंतीवर छान दिसतात, भरतीत उपयोगाची नसतात.

जन्मतारखेवरून आठवलं. कुणी "एक वर्ष कमी दाखवू, अजून एक ज्युनिअर खेळेल" असं सुचवलं तर त्या माणसाला घरात घेऊ नका. हाडांच्या चाचणीत वय पकडलं जातं आणि मग खोटं एक वर्ष खरी चार वर्षं खाऊन टाकतं.

सायन्स की आर्ट्स? 86 टक्के मिळवणारा आणि तुम्ही म्हणता तसा गणित आवडणारा मुलगा केवळ खेळासाठी आर्ट्सला घालू नका. आर्ट्स आवडत असतं तर गोष्ट वेगळी होती, आवडीने घेतलेल्या आर्ट्सबद्दल माझी काही तक्रार नाही. इथं शाखेपेक्षा कॉलेज महत्त्वाचं. हल्ली 'इंटिग्रेटेड' नावाखाली हजेरी कॉलेजात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये, असा प्रकार सर्रास चालतो. अशी बरीच कॉलेजं शालेय स्पर्धेत संघच उतरवत नाहीत. मग 19 वर्षांखालील गटाचा जिल्हा, विभाग, राज्य हा रस्ता मुलासाठी बंद, आणि त्यासोबत बारावीचे खेळाडूंचे सवलतीचे गुणही दूर. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना भेटून एकच प्रश्न विचारा, "गेल्या वर्षी बास्केटबॉलचा संघ कुठवर गेला?" त्यांना आठवावं लागलं, तर दुसरं कॉलेज बघा.

गणितात खरंच गती असेल तर आणखी एक दार आहे. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलींसाठी. बास्केटबॉल त्यांच्या यादीत आहे. मात्र जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत नाव हवं आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय पातळीवरचं पदकही हवं. दोन्ही जमणं अवघड, हे मान्य. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुस्तक आणि चेंडू एकमेकांचे वैरी असल्यासारखं तुमच्या घरात जे चाललंय, ते जरा थांबावं.

अकादमीबद्दल माझं मत कडक आहे. 'नॅशनल'ची हमी कुणी देऊ शकत नाही. निवड राज्य संघटना करते, अकादमी नाही. हमी देणारा एकतर अडाणी किंवा लबाड. तरी जायचंच असेल तर पैसे भरण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या तीन मुलांच्या पालकांशी बोला, आणि ते पालक तुम्ही शोधा, त्यांनी दिलेले नकोत. विचारा, मुलगा आज कुठल्या संघात, कुठल्या कॉलेजात, कुठल्या खात्यात आहे. त्याच पैशांतल्या दहाव्या हिश्शात चांगला चेंडू, बूट आणि सुट्टीतलं एखादं शिबिर होतं.

गुडघ्याचं मात्र थांबवून ठेवू नका. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दाबल्यावर दुखतं असं तुम्ही लिहिलंय. वाढत्या वयातल्या उड्या मारणाऱ्या मुलांत हे पुष्कळदा होतं आणि बहुधा बरंही होतं, पण ते ठरवायचं हाडांच्या डॉक्टरांनी. क्लबच्या सरांनी नाही आणि मीही नाही. दुखऱ्या गुडघ्यावर इंजेक्शन घेऊन सामना खेळायला कुणी सांगितलं, तर त्या दिवशी मुलाला घरी आणा.

खेळाडू नाही झाला तर पंच, एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेला) प्रशिक्षक, फिजिओ अशी कामं आहेत. पण सोळाव्या वर्षी त्यांची यादी त्याच्यापुढे ठेवू नका, पोरगं हिरमुसतं. अठराव्या वर्षी बोलू. तोवर 18 वर्षांखालील गटाच्या राज्य चाचणीत गार्ड म्हणून तो किती दिवस टिकतो, ते कळलेलं असेल.

आणि हो, तुमच्या सहा पानांत मुलाचं स्वतःचं एकही वाक्य नाही. सर काय म्हणतात, बाबा काय म्हणतात, आजोबा काय म्हणतात, सगळं आहे. पुढच्या पत्रात वहीतल्या तीन सामन्यांचे आकडे पाठवा, आणि निदान अर्धं पान त्याला त्याच्या हाताने लिहू द्या. अक्षर कसंही असलं तरी चालेल.