भरपाई कमी मिळाली? आधी सांगा, ऑर्डर हातात कधी पडली

चोपडा तालुक्यातल्या एका भावाने लिहिलंय. बहिणीवर तिच्या नवऱ्याने कोयत्याने वार केला, उजव्या हाताची दोन बोटं गेली, मनगटातल्या नसा तुटल्या, मूठ मिटत नाही. सेशन कोर्टात केस चालू आहे. अर्ज केल्यावर वर्षभराने जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने एक लाख मंजूर केले, राखीनंतर खात्यात 25 हजार आले, ऑर्डरची कॉपी "दिवाळीच्या आसपास" मिळाली. फेब्रुवारीत सिव्हिलमधून 48 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आलं. मधल्या काळात भावाने पोलीस स्टेशन, तहसील, आमदारांचं ऑफिस सगळं केलं, प्राधिकरणाला "फेरविचार करा" म्हणून दोन अर्जही दिले, आणि आता विचारतोय की एवढ्याशा रकमेविरुद्ध जायचं कुठे, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मुंबईला जाऊन वकील बघू का. धुळ्याहून, शहाद्याहून, रावेरहून असेच मेसेज येत असतात म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहिते.

दादा, रक्कम कमी आहे हे मला पटवून द्यायची गरज नाही. पण "दिवाळीच्या आसपास" ही तारीख होत नाही हो. तुमच्या बहिणीचं पुढचं सगळं ऑर्डरची कॉपी तुमच्या किंवा तिच्या हातात कोणत्या दिवशी पडली यावर उभं आहे आणि नेमकी तीच तुम्ही लिहून ठेवली नाही.

महिलांसाठीची जी भरपाई योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केली आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना लागू केली (2 ऑक्टोबर 2018 पासून), तिच्यात अपीलचं कलम आहे. भरपाईची रक्कम मान्य नसेल तर ऑर्डर मिळाल्यापासून 30 दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील. ऑर्डर झाली त्या दिवसापासून नाही, पैसे आले त्या दिवसापासून नाही, ऑर्डर मिळाली त्या दिवसापासून. तुम्हाला पैसे राखीला आले आणि कॉपी दिवाळीला, म्हणजे मधले दोन-अडीच महिने तुमच्या खात्यात धरले जात नाहीत, हा फायदा आहे तुमचा, पण तो कागदावर दाखवता आला तर. कॉपी पोस्टाने आली असेल तर पाकीट शोधा, फेकलं नसेल तर त्यावरचा शिक्का हाच तुमचा पुरावा. ऑफिसातून हाताने घेतली असेल तर तिथल्या रजिस्टरला सही केली असणार, त्या नोंदीची प्रत मागा. लगेच मागा, तोंडी नाही, लेखी अर्ज देऊन, आणि तुमच्या कॉपीवर आवकचा शिक्का घेऊन.

आता दिवाळीपासून मोजलं तरी 30 दिवस कधीच संपले. पाच महिन्यांच्या आसपास उशीर आहे. तो माफ करायचा अधिकार त्याच कलमात अध्यक्षांना दिलाय, कारणं नोंदवून. म्हणजे अपीलसोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज लागेल आणि अपीलवाल्या कागदापेक्षा मेहनत या अर्जावर घ्या. 1987 मध्ये काश्मीरच्या अनंतनागच्या भूसंपादनाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की उशिराच्या एकेका दिवसाचा हिशोब मागताना व्यवहारबुद्धी सोडायची नाही, ते वाक्य आजही कामाला येतं, पण त्याच्या भरवशावर झोपून राहणाऱ्याला अलीकडे कोर्टं फार दयामाया दाखवत नाहीत हेही खरं. म्हणून तुमचे ते "फेरविचार करा" अर्ज, ज्यांचा मला खरं तर राग आला, कारण ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्याकडेच परत परत जाऊन वेळ घालवला, ते आता उपयोगी पडतील. ते दाखवतात की तुम्ही गप्प बसला नव्हता, चुकीच्या दारात का होईना पण उभे होता. त्यांच्या आवक शिक्क्याच्या तारखा, बहिणीच्या ऑपरेशनच्या आणि फिजिओथेरपीच्या तारखा, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची तारीख, सगळं क्रमाने लिहा. "आम्ही गरीब अडाणी आहोत" एवढंच लिहून चालत नाही. अपील असतं हे ऑर्डरमध्ये कुठे लिहिलेलं नसेल आणि ऑफिसातही कोणी सांगितलं नसेल तर तेही स्पष्ट लिहा.

आणि आखाजीनंतर वगैरे काही नाही. बहीण माहेरीच आहे ना, मग सह्या आणि प्रतिज्ञापत्र आत्ताच होतील, नंतर पेरणी, मग पाऊस, मग परत पोळा, हे मी दरवर्षी बघते. मुंबईला फेऱ्या मारायचीही गरज नाही. महिलेला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे, तर जळगावच्या त्याच ऑफिसात सचिवांच्या नावाने पॅनलवरच्या वकिलासाठी अर्ज द्या. त्यांच्याच ऑर्डरविरुद्ध त्यांच्याचकडे वकील मागायला लाजू नका, तो बहिणीचा हक्क आहे. टाळाटाळ झाली तर विधी सेवेच्या हेल्पलाइनला, 15100 ला फोन करा. अपील तयार झालं की स्पीड पोस्टाने मुंबईला राज्य प्राधिकरणाकडे पाठवता येतं, पोच जपून ठेवा.

आता रकमेचं. ऑर्डर नीट वाचा, एक लाख कोणत्या ओळीखाली दिलेत ते बघा. माझा अंदाज आहे की "गंभीर शारीरिक इजा" या ओळीखाली, तिथे 1 ते 2 लाख आहेत आणि त्यातली सगळ्यात खालची रक्कम तुमच्या बहिणीला लावली. पण त्याच तक्त्यात दुसरी ओळ आहे, अवयव किंवा शरीराचा भाग गमावून 40 टक्के किंवा जास्त पण 80 च्या आत कायमचं अपंगत्व आलं असेल तर 2 ते 4 लाख. बोटं हा शरीराचाच भाग आणि सर्टिफिकेट 48 टक्क्यांचं आहे. म्हणजे किमान दोन लाखांच्या खाली जायचा प्रश्नच येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने ही योजना लागू करताना राज्यांना सांगितलंय की यात भर घाला, यातून काढू नका. अडचण एकच, सर्टिफिकेट ऑर्डरनंतरचं आहे. समोरून म्हटलं जाईल की तेव्हा आमच्यापुढे हा कागदच नव्हता. त्यामुळे अपीलमध्ये दोन्ही मागा, रक्कम वाढवा, नाहीतर नवीन सर्टिफिकेट बघून परत निर्णय घ्यायला जिल्ह्याकडे पाठवा. 48 टक्क्यांत बोटांमुळे किती आणि नसांमुळे किती हा वाद निघू शकतो, तो निघाला तर डॉक्टरांचं एक पत्र लागेल, त्याबद्दल आत्ता खात्रीने बोलत नाही.

रोजगार बुडाला हाही रक्कम ठरवताना बघायचा मुद्दा आहे. बहीण कापूस वेचायला, केळीच्या कामाला जायची असं तुम्ही लिहिलंय, मग मुकादमाचं किंवा शेतमालकाचं साधं सहीचं पत्र जोडा. हे पहिल्या अर्जासोबत का जोडलं नव्हतं देव जाणे.

तुम्हाला कोणीतरी सांगितलं की केसचा निकाल लागेपर्यंत काही करता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं कलम 372 खाली हायकोर्टात अपील करा. दोन्ही चूक. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 372, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यातलं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 413, हे कोर्टाने आरोपीकडून कमी भरपाई द्यायला लावली तर पीडिताने करायचं अपील आहे. तुमचे पैसे सरकारी योजनेतले, जुनं 357 क, नवीन 396, ऑर्डर प्राधिकरणाची, त्यामुळे वाट वेगळी. कागदावर खाली सही कोणाची आहे ते बघितलं की हा गोंधळ संपतो. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका होऊ शकते, पण अपीलची वाट शिल्लक असताना गेलात तर बहुतेक परतच पाठवतील. आणि निकालाच्या वेळी सेशन जज पुन्हा जास्त भरपाईची शिफारस करू शकतात, आरोपी सुटला तरीही, तर सरकारी वकिलांना ते आठवण करून द्यायचं काम तुमचं.

पुरुष पीडितांच्या घरच्यांनी यातले आकडे उचलू नका, हा तक्ता महिलांचा आहे, राज्याच्या सर्वसाधारण योजनेत रकमा आणि मुदती वेगळ्या आहेत.

कायद्यात चौकशीला दोन महिने दिलेत आणि तुमच्या बहिणीला वर्ष लागलं. एका हाताने भाकरी थापणाऱ्या बाईला वर्षभर थांबवायचं आणि मग सगळ्यात खालचा आकडा द्यायचा, याची चीड यायलाच हवी, ती अपीलमध्ये तारखांसकट लिहा.

राहिलं ते 25 हजारांचं. कोणी पैसे खाल्ले नाहीत दादा. मंजूर रकमेतली 25 टक्के हातात देतात आणि 75 टक्के किमान तीन वर्षांसाठी एफडीत टाकतात, तर बहिणीच्या नावाने 75 हजारांची पावती असायला हवी, ती मागून घ्या. नसांच्या पुढच्या ऑपरेशनसाठी पैसे लागणार असतील तर औषधोपचाराच्या तातडीसाठी मुदतीआधी काढायची परवानगी प्राधिकरण देऊ शकतं, त्याचा अर्ज हॉस्पिटलच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासकट वेगळा द्या, आणि त्या अर्जात अपील केल्याचा उल्लेख करा, म्हणजे पैसे काढले म्हणून ऑर्डर मान्य केली असं उद्या कोणी म्हणायला नको.